विश्लेषण : अपघातानंतर जुनी गाडी दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीला अपघात झाला आणि गॅरेजचे एस्टिमेट हाती आले की ‘एवढ्या पैशांत तर दुसरी गाडी येईल’ असे मालकाला वाटते. हा हिशेब अनेकदा फसवा असतो. खर्च किती यापेक्षा नुकसान कुठे झाले, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

‘टोटल लॉस’ कधी ठरतो?

पॉलिसीवर गाडीची विमा घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही नमूद असते. पाच वर्षांपर्यंत ती ठरलेल्या घसाऱ्याने काढली जाते. त्यापुढे कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. पॉलिसीच्या अटींनुसार दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ‘टोटल लॉस’ मानला जातो. हप्ता वाचवण्यासाठी आयडीव्ही कमी लावून घेतली असेल, तर भरपाईही तेवढीच कमी मिळते.

मालकाच्या खिशातून किती जातात?

दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. रबर, प्लास्टिक, बॅटरी यांवरही ५० टक्के. काचेवर मात्र शून्य. समजा, आयडीव्ही २ लाख आणि एस्टिमेट १ लाख २० हजार रुपये आहे. त्यात पत्रे व इतर धातूचे भाग ६० हजार, प्लास्टिक २५ हजार, काच १० हजार आणि मजुरी २५ हजार. घसाऱ्याचे ४२,५०० आणि अनिवार्य कपातीचे १,००० (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी) असे ४३,५०० रुपये मालकाला भरावे लागतील. शिवाय ‘नो क्लेम बोनस’ जातो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल, तर ही सवलत ५० टक्के असते. त्यामुळे किरकोळ नुकसानीत दावा न करणेच परवडते. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या विमा कंपनीकडून दुरुस्तीचे काहीच मिळत नाही.

निर्णायक गोष्ट कोणती?

गाडीचा सांगाडा. बंपर, बॉनेट, फेंडर, दरवाजा, दिवे बदलता येतात आणि त्यांनी गाडीच्या मजबुतीत फारसा फरक पडत नाही. मात्र चासी वाकली असेल, दरवाजांमधले खांब दबले असतील, जुनी गंजलेली वेल्डिंग सुटली असेल, तर ठोकून आणि रंगवून गाडी फक्त नवी दिसते. पुढच्या धडकेचा जोर आतल्या माणसांपर्यंत पोहोचू न देणे हे सांगाड्याचे काम. ते तो तितक्या खात्रीने करील असे सांगता येत नाही. एअरबॅग उघडल्या असतील, तर त्या बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे कुटुंबाच्या जिवाशी खेळ. अशी गाडी स्वस्तात दुरुस्त होत असली तरी सोडून द्यावी.

बाजारभावाशी तुलना का चुकते?

सांगाडा शाबूत असेल, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्री किमतीशी ताडून उपयोग नाही. तो पर्यायी गाडीच्या खर्चाशी ताडायला हवा. तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या जुन्या गाडीचा पूर्वेतिहास अज्ञात असतो. तिलाही टायर, क्लच, नावबदल, विमा लागतोच. स्वतःच्या गाडीचे दुखणे निदान माहीत असते. मात्र गाडी चौदाव्या वर्षात असेल, तर गणित बदलते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण, तपासणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर यांची भर पडते. दुरुस्तीचा खर्च उरलेल्या वर्षांनी भागून पाहावा.

मोडीत काढताना काय करावे?

गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवावे लागते. नोंदणीकृत भंगार केंद्रात दिल्यास ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलतीची तरतूद आहे. नोंदणी रद्द न करता गाडी रोखीत भंगारवाल्याला देणे धोक्याचे. तिचे कागद आणि चासी क्रमांक चोरीच्या गाडीला लावले गेले, तर चौकशीला मूळ मालकालाच तोंड द्यावे लागते.

म्हणून एस्टिमेटवर सही करण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी, चाकांची मापे तपासून घ्यावीत आणि दुसऱ्या मेकॅनिकचे मत घ्यावे. त्यासाठीचा थोडा खर्च आणि एक दिवसाचा उशीर सोसावाच.