तंबोऱ्याला ऑइलपेंट

साताऱ्यात सतार मिळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. साताऱ्यात कंदी पेढे मिळतात, अजिंक्यताऱ्यावरचा वारा मिळतो, आणि निवृत्त माणसाकडून न मागता सल्ला मिळतो. सतार पाहिजे असेल तर सांगली जिल्ह्यात मिरजेला जावे लागते. गावाच्या नावात काना-मात्रेचा फरक, पण वाद्य तिकडे आणि पेढे इकडे. असो. पेढ्यांना जवारी लावावी लागत नाही, हा एक फायदा.

तरीही आमच्या घरात वाद्ये आहेत. दोन तंबोरे, एक सतार आणि एक पेटी. ‘आहेत’ म्हणजे जागा अडवून आहेत. सतारीला तारा नाहीत, म्हणून ती भिंतीवर. पेटीवर पूर्वी टेलिफोन असायचा. टेलिफोन गेला, आता राउटर असतो. थोरला तंबोरा माळ्यावर आणि धाकटा, म्हणजे आईचा, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खोळ घालून उभा. पाहुणे विचारतात, “वा! गाणं आहे वाटतं घरात?” मी म्हणतो, “पूर्वी होतं.” हे सांगताना चेहरा असा करतो, की मीच गात होतो असे वाटावे. गात होती आई. मी फक्त ‘हळू गा, माझा अभ्यास चाललाय’ म्हणत असे.

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो तीन इलेक्ट्रिक गिटारी आणि एक वही घेऊन. कंप्युटरवाला मुलगा. तीन गिटारी कशाला, असे विचारल्यावर म्हणाला, “काका, तिघींचा आवाज वेगळा आहे.” आमच्या घरात चार वाद्ये आहेत आणि चौघांचा आवाज अगदी एकसारखा आहे, म्हणजे बंद, हे मी त्याला सांगितले नाही.

फराळ झाल्यावर त्याने तिन्ही गिटारी दिवाणावर निजवल्या आणि वही उघडली. डाव्या पानावर ‘दुरुस्ती’, उजव्या पानावर ‘बदल’. डावीकडे: पहिलीचे पडदे झिजलेत (तो फ्रेट म्हणाला, पण सतारवाल्या माणसाने पडदेच म्हणावे), दुसरीचे आवाजाचे बटण खरखरते, तिसरीत वायर खुपसायचे भोक सैल झालेय. उजवीकडे: हिचा पिकअप बदलायचा, तिच्या चाव्या बदलायच्या. एवढ्यावर थांबला असता तर मी ‘पोरखेळ’ म्हणून झोपायला गेलो असतो. पण तो म्हणाला, “डावं पान संपल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही. आणि काढलेला जुना भाग फेकायचा नाही. नाव लिहून डबीत ठेवायचा. उद्या दुसऱ्या कुणाला परत बसवावासा वाटला तर?”

हा विचार आमच्या घराण्यात नवा होता. आमच्याकडे डावे पान कधीच नव्हते. आम्ही थेट सुधारणा करतो. आजोबांचे सागवानी कपाट जरा करकरू लागले, तेव्हा बिजागरीत तेल घालण्याऐवजी आम्ही त्याला सनमायका मारला. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याऐवजी ती मोडीत घालून स्टेनलेसचे डबे आणले. लंबकाच्या घड्याळातले यंत्र काढून सेलचे बसवले. लंबक तेवढा शोभेला ठेवला, तोही आता डुलत नाही. तुम्ही हसू नका. तुमच्या घरातही सनमायका आहे.

मग पुतण्याचे लक्ष कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे गेले. “काका, याला एक पिकअप बसवला तर?”

मी खुर्चीतच ताठ झालो. ज्या तंबोऱ्याची खोळ मी वर्षानुवर्षे काढली नव्हती, त्याच्या पावित्र्याचे रक्षण करायला मी एकदम उभा राहिलो. परंपरा, संस्कार, घराणी, सगळे काढले. पुतण्या शांतपणे ऐकत होता. तारांना बोट लावून म्हणाला, “राहू दे. नाही जमणार. ही चौथी तार पितळेची आहे ना? पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकाला कळतं, पितळेची हलली तर कळतच नाही. तुमचा खर्जच ऐकू येणार नाही.” आणि त्याने वहीतली ती ओळ खोडली. आपला विचार असा चारचौघांत खोडणारा माणूस मी आमच्या कुटुंबात पहिल्यांदा पाहिला.

“पण काका,” तो म्हणाला, “याचं डावं पान काय आहे?”

म्हणून आम्ही मिरजेला निघालो. साताऱ्याहून कऱ्हाड-सांगलीमार्गे एस्‌टीने. कंडक्टरने तंबोऱ्याकडे पाहून “हे लांबडं काय?” असे विचारले. मी म्हटले, “वाद्य.” तो म्हणाला, “सामानाचं तिकीट पडेल.” पुतण्याने लगेच पैसे काढले, मी मात्र पेठनाक्यापर्यंत नियम समजावून घेत होतो.

वाटेत पुतण्याने एक गोष्ट सांगितली. ज्याच्या नावाच्या गिटारी जगभर वाजतात तो लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली कॅलिफोर्नियात त्याने दुरुस्तीचे दुकान काढले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण बिघडलेल्या वस्तू रोज उघडून पाहणारा माणूस, म्हणून त्याने गिटारीची मान चिकटवली नाही, चार स्क्रूंनी जोडली. खराब झाली तर काढा, दुसरी बसवा. १९५४ साली त्याने काढलेली स्ट्रॅटोकास्टर आजही त्याच धर्तीवर बनते.

मी म्हटले, “मग आमचे फरीदसाहेब ऐक.” एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेतले हे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी देणारे, धार लावणारे कारागीर. इंग्रजी अमलात तलवारींचे काम कमी झाले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याचा शौक. दरबारी येणाऱ्या गवयांची वाद्ये वाटेत मोडायची. ती दुरुस्त करता करता शिकलगारांनी वाद्ये बनवायलाच घेतली, असे सांगतात. तलवार धरणाऱ्या हातात तंबोरा आला आणि पुढे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. म्हणजे कॅलिफोर्नियातली गिटार काय किंवा मिरजेचा तंबोरा काय, दोघांचा जन्म दुरुस्तीच्या दुकानातला. आणि आपण मात्र दुरुस्तीवाल्याला ‘अरे-तुरे’ करतो आणि शोरूममधल्या विक्रेत्याला ‘सर’ म्हणतो!

सतारमेकर गल्लीत शिरलो की आधी वास येतो: लाकडाचा भुसा आणि लाख. दारात भोपळे ओळीने वाळत ठेवलेले. हे भाजीचे भोपळे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे मुद्दाम पिकवलेले, जाड सालीचे. एक चाचा खाली मांडी घालून बसले होते. त्यांनी खोळ काढली आणि काही बोललेच नाहीत. नंतर तबलीवर नखाने टकटक केले. “साहेब, हा रंग कुणी दिला?”

इथे मला थोडे मागे जावे लागेल. १९८४ साली, ताईच्या लग्नाच्या आधी, आई मला म्हणाली होती, “याची जवारी बसलीय रे. एकदा मिरजेला नेऊन आण.” मी ‘बघू, सवड मिळाली की’ म्हटले. मग दोन-चारदा तिने आठवण केली. त्याच सुमारास घराला रंग काढला होता आणि दारांचा चॉकलेटी ऑइलपेंट अर्धा डबा उरला होता. मला वाटले, आईला खूश करू. तंबोऱ्याला दोन हात दिले. भोपळा, दांडी, तबली, सगळे दारासारखे चकचकीत. आईने पाहिले आणि “छान दिसतोय हो” म्हणाली. त्यानंतर तिने तो फारसा हातात घेतला नाही. पुढे गाणेही सुटले. आम्ही सगळे म्हणायचो, “वयामुळे आईचा आवाज बसला.” २००३ साली ती गेली, तोवर आम्ही असेच म्हणत होतो.

“आवाज कसा येणार?” चाचा म्हणाले. “तबली हलली पाहिजे. तुम्ही तिला रेनकोट घातला.”

मग त्यांनी घोडीवरून तारा बाजूला केल्या. हाडाच्या पट्टीवर तारांनी चरे पाडले होते. पूर्वी ही पट्टी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाचीही असायची. वन्यजीवांचे कायदे आले आणि ते थांबले. कारागिरांनी तो बदलही मुकाट्याने पचवला. चाचांनी कानस घेतली, दोनदा फिरवली, तार चढवली, छेडली, ऐकले. पुन्हा उतरवली, पुन्हा एकदाच फिरवली. असे किती वेळा केले ते मी मोजले नाही. कानस हातात होती, पण काम कान करत होता. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार ज्या जागी छेडली तिथे जे उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत, तेही तंबोऱ्यातून उमटतात, हे त्यांनी दाखवून दिले. नियम मोडायचा तो त्या पट्टीच्या उताराने, आणि हा उतार नजरेला दिसतसुद्धा नाही.

शेवटी चाचांनी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, एक केसभर, आणि तार बोलली. रंगाच्या रेनकोटातूनही बोलली. मला एकदम आमचे जुने माजघर आठवले, संध्याकाळ, आणि ‘हळू गा’ असे ओरडणारा मी. बसली होती ती जवारी. आईचा आवाज कुठेही बसला नव्हता.

“रंग खरवडायला महिना लागेल. ठेवून जा,” चाचा म्हणाले आणि मजुरीचा आकडा सांगितला.

आता इथे मी काय केले असेल, असे तुम्हाला वाटते? डोळे पुसले आणि म्हणालो, “काहीतरी कमी करा की!”

चाचा हसले. “साहेब, लाकूड कमी लावू शकतो. पॉलिश कमी मारू शकतो. कान कमी कसा लावू?”

पुतण्याने पैसे पुढे केले. पुण्यात गिटारीचे बटण साफ करून घ्यायला तो जे देतो, त्याच्या मानाने हे काहीच नाही, असे तो मला नंतर म्हणाला. तिथे तो घासाघीस करत नाही. का? तर त्या माणसाला ‘टेक्निशियन’ म्हणतात.

म्हणून माझे भांडण इलेक्ट्रिक गिटारीशी नाही. माझे भांडण तुमच्याआमच्याशी आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने ती बातमी पुढे पाठवली. मीही अकरा जणांना पाठवली. त्या अकरांपैकी किती जणांच्या घरी तंबोरा खोळीत उभा आहे ते मला माहीत आहे. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तिथे आपण हात जोडतो. १९३७ साली गेलेल्या गवयासाठी आपले डोळे भरून येतात आणि समोर बसलेल्या कारागिराशी आपण शंभर रुपयांवरून हुज्जत घालतो. कारागिराचा मुलगा हे पाहतो आणि दुसरी नोकरी शोधतो. मग आपण ‘कला लोप पावत चालली’ यावर परिसंवाद घेतो. परिसंवादातल्या वक्त्याला मानधन देतो. त्याला ‘काहीतरी कमी करा की’ असे कुणी म्हणत नाही.

बदलाला माझा विरोध नाही. विलायत खाँनी सतारीच्या तारांची मांडणी बदललीच. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला, तो एकट्याने रियाज करणाऱ्याला खरोखर उपयोगाचा आहे. पण या मंडळींना जुने काय आहे ते आधी ठाऊक होते. आम्हाला जुने दुरुस्त करायचा कंटाळा आला, की त्या कंटाळ्यालाच आम्ही सुधारणा म्हणतो. पेटी बिघडली तर पेटीवर राउटर. तंबोरा बसला तर कोपऱ्यात डबी चालू. आणि आई बसली तर ‘वय झालं’.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. प्रत्येक घरात पुतण्यासारखी एक वही असावी. डावे पान आधी. काढलेले डबीत. आणि कानाची मजुरी विचारल्याबरोबर द्यावी. आमच्या वहीत आता सतार आणि पेटी चढली आहेत. राउटरला दुसरी जागा शोधतो आहोत. त्यावर घरात मतभेद आहेत.

संध्याकाळी परतीच्या एस्‌टीत सकाळचाच कंडक्टर भेटला. रिकामे हात पाहून म्हणाला, “काय हो, मघाचं ते लांबडं कुठं गेलं?”

मी म्हटले, “माहेरी सोडलंय. महिन्यानं न्यायला येणार आहे.”

“मग तेव्हा तिकीट काढा,” तो म्हणाला, “घासाघीस न करता.”