रशियन अंतराळवीरांच्या कथा : काय घ्यावें, काय पारखावें

भंडाऱ्यास आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे वाचनाची बैठक भरते. गेल्या महिन्यांत तींत एक लहानसा वाद उपस्थित झाला. वडिलांच्या कपाटांतील एक जुनें, मराठींत उतरलेलें सोव्हिएत पुस्तक वाचून धाकटा पुतण्या सांगूं लागला कीं, गागारिन यानांत बसूनच भूमीवर उतरला. थोरली पुतणी म्हणाली, "नाहीं रे, तो छत्रीनें निराळा उतरला." दोघांचाही निर्णय मजकडे आला.

पुतणीचें म्हणणें खरें. १२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिन यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. परततांना सुमारें सात किलोमीटर उंचीवर तो यानाबाहेर पडला व हवाई छत्रीनें खालीं आला. विक्रमास मान्यता मिळण्यास वैमानिकानें यानासह उतरलें पाहिजे, असा तेव्हां आंतरराष्ट्रीय नियम होता; म्हणून ही गोष्ट कित्येक वर्षें झांकून ठेवण्यांत आली.

मग अशीं पुस्तकें मुलांच्या हातीं द्यावीं काय? आमच्या मतें अवश्य द्यावीं. अवघड शास्त्र सोपें करून सांगण्याची हातोटी त्यांत आहे. शिवाय सुताराचा मुलगा गागारिन, आणि कापडगिरणींत राबलेली व १९६३ सालीं अंतराळांत जाणारी पहिली स्त्री ठरलेली वालेन्तिना तेरेश्कोवा, यांचीं चरित्रें वाचून आपल्याही मुलामुलींस हुरूप येतो.

दोष आहे तो मौनाचा. यानांचे मुख्य रचनाकार सेर्गेई कोरोल्योव यांचें नांव १९६६ सालीं त्यांच्या मृत्यूनंतरच जगास कळलें. वालेन्तिन बोन्दारेन्को हा चोवीस वर्षांचा उमेदवार गागारिनच्या उड्डाणापूर्वीं अवघे वीस दिवस, प्राणवायूनें भरलेल्या कोठडींत आग लागून मरण पावला. ही वार्ता रशियन वाचकांस १९८६ सालीं मिळाली.

पाश्चात्य लेखकही निर्दोष नाहींत. जेथें रशियन लेखक गप्प राहिले, तेथें यांनीं कल्पनेचे मनोरे रचले. गागारिनपूर्वीं कित्येक रशियन अंतराळांत मेले, ही आवई त्यांतलीच. पुढें कागदपत्रें खुलीं झालीं, तरी तीस आधार सांपडला नाहीं. १९६७ सालीं कोमारोव छत्री न उघडल्यामुळें मरण पावला, हें सत्य. परंतु इंग्रजी 'स्टारमॅन' पुस्तकांतील त्याच्या अखेरच्या संतप्त उद्गारांविषयीं इतिहासकारांनीं शंका घेतली आहे. त्या मानानें आसिफ सिद्दिकी यांचा 'चॅलेंज टु अपोलो' (२०००) हा ग्रंथ जाडजूड खरा, पण रशियन साधनें तपासून लिहिलेला आहे.

आपल्याकडेही तीच गत. १९८४ च्या एप्रिलमध्यें राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून सॅल्यूत-७ स्थानकावर गेले. पंतप्रधानांस त्यांनीं दिलेलें एक उत्तर सर्वांस पाठ आहे. परंतु त्यांनीं भारतभूमीचीं छायाचित्रें घेतलीं, योगासनांचे प्रयोग केले, हें किती घरांत ठाऊक आहे? त्यांच्याच बरोबरीनें शिक्षण घेऊन राखीव राहिलेले रवीश मल्होत्रा तर विस्मृतींतच गेले.

हा प्रश्न आम्हां भंडारेकरांस दूरचा वाटूं नये. २४ जानेवारी २०२५ रोजीं येथून जवळच जवाहरनगरच्या आयुधनिर्माणींत स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. त्यांचीं नांवें वृत्तपत्रांतून लगेच आलीं, आणि घरोघरीं त्यांच्यासाठीं हळहळ व्यक्त झाली. बोन्दारेन्कोच्या देशबांधवांस पंचवीस वर्षें तेवढीही संधी मिळाली नाहीं. पराक्रमाच्या कथेंतून मेलेला माणूस वगळला, म्हणजे त्याच्या आप्तांचें दुःखही वगळलें जातें.

यास्तव वाचकांस आमची सूचना इतकीच कीं, एका प्रसंगावरचीं दोन पुस्तकें मुलांपुढें ठेवावीं, आणि कोणत्या पुस्तकांत कोण गाळला गेला, हें त्यांनाच शोधूं द्यावें. आमच्या पुतण्यानें जुनें पुस्तक टाकून दिलें नाहीं. त्या पानावर त्यानें एक चिठ्ठी चिकटवून खरी हकीकत लिहिली, आणि तें पुन्हां आजोबांच्या कपाटांत ठेविलें.