तुवालूचा कौल आणि ऑस्ट्रेलियाचा करार

पॅसिफिक महासागरातील तुवालू हे राष्ट्र उणेपुरे २६ चौरस किलोमीटरचे. लोकवस्ती अकरा हजारांच्या आतबाहेर. तेथे २६ जानेवारी २०२४ रोजी संसदेची सार्वत्रिक निवडणूक झाली. आठ बेटांतून प्रत्येकी दोन असे सोळा सभासद निवडावयाचे होते. या देशात राजकीय पक्षच नाहीत. पक्षकार्यात आयुष्य वेचणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना हे चमत्कारिक वाटेल. पक्षबाजीला विटलेल्या काही सज्जनांना कदाचित आदर्शही वाटेल. त्या सज्जनांनी पुढे काय घडले ते अवश्य पाहावे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान कौसिया नतानो यांनी ऑस्ट्रेलियाशी ‘फलेपिली’, म्हणजे शेजारधर्माचा, करार केला. समुद्र चढत आहे आणि ही प्रवाळबेटे राहण्याजोगी उरतील की नाही, ही धास्ती खरी आहे. करारान्वये दरसाल २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळतो. मोबदला मात्र जबर आहे. संरक्षण, पोलीस, बंदरे, दूरसंचार, वीज यांसारख्या क्षेत्रांत अन्य राष्ट्राशी सुरक्षाविषयक सहकार्य करावयाचे तर ऑस्ट्रेलियाची सहमती हवी. जगाला कोळसा विकण्यात आघाडीवर असलेल्या देशाने बुडत्याला हात द्यावा आणि त्या हाताचे भाडे सार्वभौमत्वात वसूल करावे, याला शेजारधर्म म्हणावयास आमची लेखणी धजत नाही.

माजी पंतप्रधान एनेले सोपोआगा यांचा कराराला विरोध होता. ते निवडून आले. नतानो यांना फुनाफुतीच्या मतदारांनी घरी बसविले. मग करार फेटाळला गेला काय? तसे म्हणता येत नाही. पक्ष नाही, देशव्यापी जाहीरनामा नाही. प्रत्येक बेटाने आपापली माणसे निवडली, आणि सरकार कोणाचे व धोरण कोणते हे मतदान आटोपल्यावर सोळा जणांनी आपसांत ठरविले. खवळलेल्या समुद्रामुळे काहींना राजधानी गाठण्यासही विलंब झाला. फेब्रुवारीअखेर फेलेती तेओ यांचे एकच नाव पुढे आले व ते बिनविरोध पंतप्रधान झाले. नव्या सरकारने करार करताना जनतेला विश्वासात घेतले नसल्याची तक्रार नोंदविली, सार्वभौमत्वाची काळजीही व्यक्त केली, आणि कराराची तत्त्वे मान्य केली. ऑगस्ट २०२४ मध्ये तो अंमलात आला.

याबद्दल तुवालूच्या जनतेला बोल लावण्याचा अधिकार कोणाला आहे? ट्यूना मासेमारीचे परवाने परदेशी जहाजांना देऊन तेथील खजिन्यात पैसा येतो, पण त्यातून घरोघरच्या तरुणांना काम मिळत नाही. २०२५ साली २८० जागांसाठी पहिली सोडत निघाली, तेव्हा कुटुंबीयांसह ८,७५० जणांची नावे नोंदली गेली होती.