सहलीची यादी आणि नदी

पावसाळ्याच्या पहिल्या दोन-चार सरी येऊन गेल्या की इंदुरातल्या आम्हा मराठी मंडळींचे वनभोजनाचे बेत सुरू होतात. पाताळपाणी, चोरल, कालाकुंड ही नावे घरोघर निघू लागतात. परवा रामबागेत आमची अशीच बैठक झाली. बाफल्यांना पीठ किती, तूप कोणी आणावयाचे, गोवऱ्या इथून न्यावयाच्या की वाटेत घ्यावयाच्या, यावर दोन तास वाद रंगला. नदीचा विषय मात्र कोणीच काढला नाही! जिच्यासाठी जावयाचे, तिलाच बैठकीत जागा नव्हती.

मी तो काढताच आमचे एक काका हसून म्हणाले, "अहो, चोरल म्हणजे घरची नदी. तिला काय विचारायचे?"

घरची म्हणूनच विचारायचे. १७ जुलै २०११ रोजी, रविवारी, पाताळपाण्याला पाच माणसे अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेली. दोघे वाचले, तिघे गेले. आपल्या डोक्यावर ऊन असते आणि पाऊस वर पठारावर पडत असतो. काळी जमीन एकदा भिजून तृप्त झाली की पुढचे पाणी ती पोटात घेत नाही, ते सरळ नदीत उतरते.

मी हे अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी चोरलच्या पात्रातल्या खडकावर आमची चूल पेटली होती. निवळशंख पाणी बघता बघता चहासारखे झाले, त्यावर पाने-काटक्या वाहू लागल्या. काठावरच्या गुराख्याने ओरडून उठवले म्हणून आम्ही उठलो. तेवढ्यात माझा भाचा वरणाचे पातेले आणायला मागे फिरला. मी त्याचे मनगट धरले. पातेले गेले, भाचा राहिला. आमच्यात आजही त्या पातेल्याची गोष्ट हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही.

"इतकी काळजी केली तर मौज ती काय राहिली?" असे कोणी म्हणेल. त्याला मी आपल्या जुन्या छोट्या गाडीची आठवण देतो. ज्या लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्यावर पाताळपाण्याहून कालाकुंडाचा घाट उतरण्याआधी गाडी थांबवून ब्रेक तपासण्याची रीत होती. तेवढ्याने कोणाची मौज उणी झाल्याचे ऐकिवात नाही.

माझे म्हणणे एवढेच. निघण्याआधी महूकडे पाऊस कसा आहे ते विचारावे, पोचल्यावर गावकऱ्यांना विचारावे. झुडपांत अडकलेला वाळका कचरा पूर कुठवर येतो ते दाखवतो. चूल त्याच्याही वर मांडावी. आणि एका माणसाला फक्त पाण्यावर नजर ठेवायला बसवावे. तो "उठा" म्हणाला की ताट टाकून उठावे. वाद घरी आल्यावर घालावा.

आमच्या बैठकीने शेवटी हे मान्य केले. पाण्यावरच्या पहाऱ्याचे काम एकमताने काकांकडे गेले आहे. तूप कोणी आणावयाचे, ते अजून ठरावयाचे आहे.