फराळ, खसखस आणि कस्टम

अनारसा खसखशीवर थापतात. करंजीच्या सारणात खसखस असते, बाकरवडीतही असते. ही खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूरमध्ये तिला बंदी आहे. तरी दिवाळीच्या तोंडावर दुबईच्या लेकीसाठी आई प्रेमानं अनारशांचा डबा बांधते. तो पकडला गेला, तर जाब द्यावा लागू शकतो तो लेकीला.

ऑस्ट्रेलियाला गुरांच्या लाळ्या-खुरकुताची धास्ती. भारतातून येणाऱ्या दुधाच्या पदार्थांवर तिथं म्हणूनच कडक निर्बंध आहेत. घरी केलेला खाऊ एका व्यक्तीनं अमेरिकेतल्या दुसरीला भेट म्हणून पाठवला, तर अन्न-औषध प्रशासनाला आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. दुकानातून विकत घेतलेल्या फराळाला ही सवलत नाही. त्यात २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढून घेतली. त्यामुळे आपल्या टपाल खात्यानं तिकडची पार्सलं घेणं थांबवलं, ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ला! त्या वर्षी टपालानं पाठवलेला फराळ वेळेवर पोचणार तरी कसा?

आपली शेती, गुरंढोरं आणि माणसं जपण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आपल्या टपालाच्या खिडकीवरच्या मौनाची आहे. सीमाशुल्काच्या सीएन २२ फॉर्मवर सही पाठवणाऱ्याची असते. आत निषिद्ध काही नाही, ही हमी तोच देतो. पण कोणत्या देशात काय निषिद्ध, हे त्याला मराठीत सांगणारं कुणी नसतं. उलट काही कुरिअर एजंट सरसकट ‘गिफ्ट’ लिहून किंमत कमी दाखवतात आणि सहीपुरता फॉर्म पुढे सरकवतात. ही फसवणूकच आहे, आणि निस्तरावी लागते ती सही करणाऱ्याला.

कोणता देश काय स्वीकारत नाही, याच्या याद्या जागतिक टपाल संघाकडे तयार आहेत. मराठी माणसं जिथं जास्त आहेत अशा दहा-बारा देशांपुरत्या तरी त्या मराठीत आणून महाराष्ट्र आणि गोव्यातल्या प्रत्येक मुख्य टपाल कचेरीत गणपतीपूर्वी लावाव्यात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही की मोठा खर्च. फराळाची पार्सलं घेणाऱ्या दुकानांनाही असा फलक सक्तीचा करावा. तोवर वाचकांनी कोऱ्या फॉर्मवर सही करू नये आणि आखाती देशांत आणि सिंगापूरला जाणारा डबा खसखशीविना भरावा.