पुणतांब्यात कुशीचा सौदा होणार नाही

सरोगसीच्या नावाखाली बायकांची आधारकार्डं गोळा करणारे दलाल, त्यांच्याकडून बायका घेणारी क्लिनिकं आणि पैशाच्या आशेनं घरच्या बाईला पुढं करणारे नवरे-सासरे, या तिघांसाठी हा इशारा आहे. पुणतांब्यात असा व्यवहार आढळला तर कुणी मध्यस्थी करणार नाही, चावडीवर मिटवामिटवी होणार नाही. पंधरा दिवसांची नोटीस जाईल आणि मुदत संपली की प्रकरण कोर्टात जाईल.

पंधरा दिवस हा आकडा आम्ही मनानं काढलेला नाही. तो सरोगसी (नियमन) कायदा, 2021 मध्येच आहे. 25 जानेवारी 2022 पासून लागू झालेला हा केंद्राचा कायदा आहे. पुण्या-नाशिकच्या क्लिनिकला एक आणि आपल्या गावाला दुसरा, असं काही नाही. एरवी या गुन्ह्याची तक्रार कोर्टात करण्याचं काम समुचित प्राधिकाऱ्याचं. पण साध्या माणसालाही, संस्थेलाही त्या प्राधिकाऱ्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. वरचा साहेब ढिम्म बसला म्हणून गावानंही बसायचं कारण उरलेलं नाही. आणि बसणं हा या गावाचा स्वभाव नाही, हे 1 जून 2017 ला शेतकरी संपाच्या वेळी साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

दलालाचं हत्यार म्हणजे करारनामा. पाचशेचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, मजकूर सगळा इंग्रजीत, आणि खाली बाईच्या सहीसाठी पेन्सिलीनं केलेली फुली. ‘ताई, काळजी नको, सगळं लिखापढीत आहे.’ ताई, या लिखापढीतून तुमच्या हाती दमडीसुद्धा लागणार नाही. बेकायदा कामासाठी केलेला करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 नुसार मुळातच रद्द असतो. ठरलेली रक्कम बुडाली तर ती वसूल करायला तुम्ही कोणत्या कोर्टात उभ्या राहणार? दलालानंही हुरळून जाऊ नये. त्या कागदावर रकमेचा आकडा आहे, म्हणजे त्याच्याविरुद्धचा पुरावा त्यानं स्वतःच स्टॅम्प लावून तयार ठेवला आहे.

व्यावसायिक सरोगसीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आपसात न मिटणारा. जाहिरातही गुन्ह्यातच येते, मग ती व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर का असेना. पैसे मोजून कूस घेणाऱ्या जोडप्याला पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत आत बसावं लागू शकतं. नवरोबांनी तर पुढचं वाक्य दोनदा वाचावं: अशा प्रकरणात बाईवर नवऱ्यानं, जोडप्यानं किंवा नातेवाइकानं सक्ती केली, असंच कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. ‘तीच म्हणाली’ एवढ्यानं सुटका नाही.

ज्यांच्या घरी पाळणा हलत नाही त्यांना हा इशारा नाही. त्यांचं दुःख खरं आहे आणि त्यांच्यासाठी कायद्यानं वाट ठेवली आहे. जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र, नोंदणी असलेलं क्लिनिक, बाळाच्या पालकत्वाबाबत न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश, सरोगेट मातेचा 36 महिन्यांचा विमा. ती बाई 25 ते 35 वर्षांची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी, आणि आयुष्यात एकदाच. औषधपाणी, विमा आणि नियमात बसणारा खर्च सोडून तिला मोबदला नाही. ही वाट लांबची आहे, जाचकही आहे. एवढा देह झिजवणाऱ्या बाईला मोबदला का नसावा, हा वाद घालण्यासारखा आहे आणि आम्ही तो घालू. पण तो विधिमंडळात, संसदेत. मागच्या दारानं नाही.

आडवाटेनं गेलेल्यांचं काय होतं तेही ऐका. 2025 च्या जुलैत सिकंदराबादच्या एका फर्टिलिटी सेंटरचं प्रकरण उघडकीला आलं. सरोगसीच्या नावानं लाखो रुपये घेऊन जोडप्याच्या हाती बाळ दिलं. डीएनए तपासला तर तो जुळेना. बाळ एका गरीब आईबापाकडून विकत घेतलेलं, असं पोलिसांनी सांगितलं.

आपल्या भागात हे रुजायला वेळ लागणार नाही, याची धास्ती उगाच नाही. मुकादम उचल देऊन कोयता बांधून घेतो, तशीच इथंही आधी उचल येते. किराणा, दवाखाना, पोरीची फी. घेतली की बाई बांधली गेली. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 च्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा सगळेच उशिरा जागे झाले होते.

मुक्ताबाईला गुरू मानणाऱ्या चांगदेवांची समाधी या गावात आहे. तिथं हात जोडायचे आणि घरच्या लेकी-सुनेचा भाव ठरवायचा, हे चालणार नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आशाताईंना आणि बचत गटांना बोलवा, नोटिशीचा मसुदा तयार ठेवा.

आणि ज्या घरात असा कागद सही होऊन पडला आहे, त्यांनी तो फाडू नये, जाळू नये. घेऊन पोलीस ठाण्यात यावं. वहिनी, गर्भ पोटात ठेवण्याआधी केव्हाही तुम्हाला नाही म्हणता येतं. तो हक्क कायद्यानं दिला आहे. घेतलेली उचल परत करायची राहिली म्हणून तो जात नाही.