जुन्या मोटारीचा रास्त भाव

जुन्या मालाचा भाव नव्या मालासारखा ठरत नाही, हे व्यापाऱ्यांना निराळे सांगावयास नको. नवा माल कारखान्यातून एकाच मापाने बाहेर पडतो. जुना माल मात्र प्रत्येक मालकाच्या हातून निराळा होऊन येतो. एकाच वर्षी, एकाच कारखान्यात तयार झालेल्या दोन मोटारी साठ वर्षांनंतर दोन स्वतंत्र वस्तू झालेल्या असतात. एक कोरड्या जागेत झाकून ठेवलेली, तर दुसरी हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर धावून आतून पोखरलेली. दोन्हींवर रंग सारखाच चकाकतो. अशा वेळी रास्त भाव कोणता म्हणावा, आणि तो सांगण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ हौशी श्रीमंतांचा राहिलेला नाही. आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले-मुली आज इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक आहेत, आणि जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा शौक तेथे मध्यम मिळकतीच्या माणसालाही असतो. इकडेही ही आवड वाढत आहे. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात भरलेले जुन्या मोटारींचे प्रदर्शन पाहण्यास दूरदूरचे लोक आले होते. शौक वाढला की बाजार वाढतो आणि बाजार वाढला की ‘यात पैसे गुंतवा, भाव चढतच जाणार’ असे सांगणारेही वाढतात. म्हणून या व्यवहाराचे अंतरंग आपण समजून घेतलेले बरे.

उदाहरणासाठी एम. जी. बी. ही इंग्लिश गाडी घेऊ. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. हे नाव आज आपल्या रस्त्यांवरही दिसते. पण आजच्या त्या गाड्यांचा या जुन्या गाडीशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. एम. जी. बी. ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी १९६२ साली बाजारात आली. १९६५ मध्ये तिची बंद छताची जी. टी. आवृत्ती निघाली, आणि १९८० मध्ये ॲबिंग्डन येथील कारखाना बंद होईपर्यंत अशा पाच लाखांवर गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी पुष्कळशा अमेरिकेत विकल्या गेल्या. म्हणजे ही दुर्मीळ वस्तू नव्हे. फेरारीच्या २५० जी. टी. ओ. या गाड्या सगळ्या मिळून छत्तीसच्या आसपास बनल्या; त्यांपैकी एक २०१८ साली अमेरिकेत लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली, ही बातमी जगभर गाजली. अशा बातम्या वाचून आपल्या अंगणातील जुन्या गाडीचा भाव मनात चढविणारे अनेक असतात. दुर्मिळतेने चढलेला भाव सर्वत्र मिळणाऱ्या मालास लावणे म्हणजे हिऱ्याचा भाव काचेस लावण्यासारखे आहे.

भाव ठरविताना पहिली गोष्ट अशी की, मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. जाहिरातीत छापलेला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. सौदा कोणत्या आकड्यावर तुटला, हे पाहावयास हवे. लिलावातील आकडाही सावधपणे वाचावा. हातोडा पडतो त्या किमतीवर घेणाऱ्यास लिलावघराचे शुल्क द्यावे लागते, आणि ते बहुधा दहा टक्क्यांहून अधिक असते. शिवाय विकणाऱ्याकडूनही कमिशन कापले जात असेल, तर एकाच सौद्याचे तीन आकडे निघतात : घेणाऱ्याने दिलेला, हातोड्याचा आणि विकणाऱ्याच्या हाती पडलेला.

दुसरी गोष्ट, गाडी नेमकी कोणती हे ओळखणे. एम. जी. बी.ला १९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकेतील सुरक्षा-नियमांसाठी निकेलसारख्या चमकत्या बंपरऐवजी काळे, रबरी दिसणारे बंपर आले आणि गाडी थोडी उंच झाली. चमकत्या बंपरची गाडी लोकांना अधिक आवडते, म्हणून तिचा भावही अधिक असतो. त्यामुळे काळे बंपर काढून चमकते बसविण्याचा उद्योग पुष्कळ चालतो. हा बदल सांगून केलेला असला तर त्यात वावगे काही नाही. परंतु असा बदल करून गाडी जुन्या वर्षाची म्हणून विकणे हा निराळा प्रकार झाला. ओळख कागदपत्रांनी व क्रमांकांनी पटवावी लागते. जग्वारच्या १९६१ साली निघालेल्या ई-टाइप गाडीचे उदाहरण पाहा. चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स व बॉडी यांचे मूळ क्रमांक कंपनीच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहता येतात, आणि ते जुळले की भावात मोठाच फरक पडतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे गंज. एम. जी. बी.ला वेगळी चौकट नाही; बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालून जाणारा लांबट पोलादी भाग, ज्यास सिल म्हणतात, तो बाहेरून एकच पत्रा वाटला तरी आत त्याचे अनेक थर असतात, आणि उघड्या गाडीचा सारा भार त्यावर असतो. तो आतून कुजला तर गाडी मध्यभागी वाकू लागते. जॅक लावून उचलताच दाराची फट बदलते. वरून मात्र काही दिसत नाही. भोकांवर लांबी भरून, घासून, रंग मारला की काम भागते. लहानसे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून बाजूंवरून फिरविले, तर कोठे पत्रा आहे आणि कोठे नुसती लांबी, हे कळते. मात्र आरंभीच्या गाड्यांचे बॉनेट ॲल्युमिनियमचे असे. तेथे चुंबक चिकटले नाही म्हणून दोष काढू नये. इंजिनाची भीती त्या मानाने कमी. १७९८ सी. सी.चे ते साधे इंजिन कोणताही जाणता मिस्त्री उघडू शकतो, आणि त्याचे भाग आजही मिळतात.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, निर्दोष गाडी प्रत्यक्षात १४,००० पौंडांस विकली जाते. समोरच्या गाडीस ९,००० पौंड मागितले आहेत. तिच्या सिलचे जोडकाम ४,०००, रंग ५,००० आणि गाद्या व टप १,५०० असा खर्च निघतो. बेरीज १०,५००. म्हणजे घेणाऱ्याच्या खतावणीत ती गाडी १९,५०० पौंडांना पडली आणि बाजारात तिचे १४,००० येतात. साडेपाच हजारांची तूट पहिल्याच दिवशी लिहिली गेली. निव्वळ वजाबाकीने भाव ३,५०० येतो. तथापि सौदा बहुधा याच्या वर तुटतो. कारण अनेक शौकीन स्वतःच्या हाताने काम करतात आणि आपल्या श्रमांचे मोल धरीत नाहीत. म्हणून रास्त भाव या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी असतो. कोठे, हे त्या गाडीविषयी किती खरे ठाऊक आहे यावर अवलंबून राहते.

येथेच माझे मुख्य म्हणणे आहे. जुन्या गाडीची किंमत ही पुष्कळ अंशी तिच्याविषयीच्या खऱ्या माहितीची किंमत असते. आणि ज्याच्याजवळ ती माहिती आहे त्याने ती सांगितल्यावाचून कोणताही भाव रास्त म्हणता येत नाही, मग घेणारा तो आनंदाने देवो.

यावर कोणी म्हणेल, ‘घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, विकणाऱ्याने आपलेच दोष का सांगावेत?’ कायदाही काहीसा याच बाजूस झुकतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात घोड्याचे उदाहरण आहे : घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही मालक लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक ठरत नाही. परंतु त्याच कलमात पुढे आणखी एक उदाहरण आहे, ते व्यापाऱ्याने पाठ करून ठेवावे. घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते. म्हणून विसार देण्यापूर्वी प्रश्न विचारावेत आणि लेखी विचारावेत : सिल कधी बदलले? बॉडी मूळची की नवी? अपघात झाला होता काय? कायद्याने गप्प राहण्याची मुभा दिली म्हणजे गप्प राहणे योग्य ठरले, असे मात्र नव्हे.

मौनाची किंमत अखेर साऱ्या बाजारास द्यावी लागते, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले. घेणाऱ्यास चांगली गाडी व वाईट गाडी यांत भेद करता येत नसेल, तर तो मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे उरतो तो वाईट माल, आणि मग भाव आणखी खाली येतो. हा निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी ते १९६७-६८ मध्ये दिल्लीस राहून गेले होते. त्यांच्या निबंधात आपल्याकडील सावकारीचा विचार आहे, आणि त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मिसळलेले तांदूळ निवडीत बसणाऱ्या हिंदी गृहिणीचाही उल्लेख आहे. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर व्यवहार केला, त्यांना हा सिद्धांत नवा वाटू नये. पत जाते तेव्हा एका दुकानाची जात नाही, सगळ्या पेठेची जाते.

उलट, सांगितलेला दोष भाव नेहमीच मारतो असेही नाही. इंग्लंडमध्ये १९८८ पासून एम. जी. बी.ची संपूर्ण नवी बॉडी मूळच्याच साच्यांवर तयार होऊन मिळते. अशा बॉडीवर उभी केलेली गाडी मजबूत असते, पण तितकी मूळची नसते. रोज चालविणाऱ्यास ती हवीशी, संग्राहकास नकोशी. मालकाने हे सांगितले, पावत्या दाखविल्या, तर योग्य गिऱ्हाईक योग्य भाव देते. लपविले, तर हाच गुण पुढे कपट ठरतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तेथे मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ रचनेत मोठा बदल न झालेल्या गाड्यांस वार्षिक तपासणीतून सूट आहे. म्हणजे तपासणीचा दाखला नसणे हा दोष नव्हे. परंतु कोणी स्वतःहून तपासणी करून घेतली असेल, तर त्या कागदास मोल आहे. मागील तपासण्यांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. विमाही ‘ठरीव मूल्या’चा घ्यावा, नाहीतर अपघातानंतर कंपनी वापरलेल्या सामान्य गाडीचा हिशेब लावण्याचा संभव असतो.

आपल्या देशात जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून अधिक जुन्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशी गाडी रोजच्या वापरास रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच मुभा असते. म्हणून येथे घेणाऱ्याने केवळ शोभा पाहून भाव देऊ नये. परदेशातून आणावयाची असेल, तर आयातीचे नियम व जकात यांचा तपास आधी करून मगच बोलणे करावे.

गुंतवणुकीविषयी एकच सांगतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या मोटारींच्या भावांना विलक्षण तेजी आली आणि १९९० नंतर ते कोसळले. कर्ज काढून घेणारे त्यात अडकले. मोटार व्याज देत नाही, भाडे देत नाही; जागा, विमा, दुरुस्ती मात्र दरसाल मागते. आवडीसाठी घ्यावी, परवडेल तेवढीच घ्यावी, आणि आवडीवर झालेला खर्च नफ्यातोट्याच्या खात्यात न लिहिता घरखर्चात लिहावा.

या व्यवसायात असलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या आपल्या बंधु-भगिनींना माझी एवढीच सूचना आहे. गाडी विकताना एका कागदावर तिची स्थिती लिहून द्यावी : काय मूळचे, काय बदललेले, कोठे गंज आहे, काय ठाऊक नाही. खाली सही करावी. प्रथम काही गिऱ्हाइके परत जातील. जी राहतील ती घासाघीस कमी करतील आणि पुढच्या वेळी मित्रांस घेऊन येतील.